प्रतीक्षेतला पिता

‘शीव’ म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेट संपून साष्टीची हद्द जेथे सुरू होई, त्या ठिकाणाला लोकांनी दिलेले हे साधे नाव. पोर्तुगीज अमदानीत जेझुइट धर्मगुरूंनी येथे बांधलेल्या प्रार्थनामंदिराला यरुशलेमच्या सियोन डोंगराचे नाव दिले व त्यावरून ‘सायन’ झाले, अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. तो वाद अभ्यासकांनी मिटवावा. इंग्रजांनी सतराव्या शतकात येथे किल्ला उभारला तो हद्द राखण्यासाठी. पण या हद्दीने पुढे फारसे कोणाला अडवले नाही. कोळ्यांच्या जुन्या वस्तीशेजारी १९४७ नंतर पंजाबी व सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ‘कोळीवाडा’ या रेल्वे स्थानकाला पुढे गुरू तेगबहादूर यांचे नाव मिळाले. अशा शीव कोळीवाड्यात ख्रिस्ती कुटुंबाचा शेजारी ख्रिस्तीच असेल असे नाही. बहुधा तो नसतोच.

येथे राहणाऱ्या माणसाला सहिष्णुतेचा धडा वेगळा कशाला द्यावा, असे वरवर पाहता वाटेल. नाताळचे गोडधोड शेजारी जाते, दिवाळीच्या फराळाचे ताट इकडे येते. परंतु हे सौजन्य झाले, आणि सौजन्याला फारशी किंमत पडत नाही. घरात बाळाची चाहूल लागली की मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते. बाळाचे नाव काय ठेवायचे, स्नानसंस्कार केव्हा करायचा, पत्नी दुसऱ्या धर्माच्या घरातून आलेली असेल तर तिच्या माहेरच्या डोहाळजेवणात नवऱ्याने कितपत मिसळायचे, बारसे करायचे की नाही? स्वतःपुरती उदार असलेली माणसे अशा वेळी एकाएकी कडक होतात. स्वतःच्या बाबतीत एक वेळ तडजोड चालते, ‘माझ्या मुला’च्या बाबतीत चालत नाही. खरी गाठ आहे ती या ‘माझ्या’ शब्दाशी.

ख्रिस्ती परंपरेने होणाऱ्या पित्यापुढे ठेवलेला आदर्श या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील योसेफाला आपली वाग्दत्त वधू गर्भवती असल्याचे कळते. मूल आपले नाही, हे तो जाणतो. नियमशास्त्र त्याच्या बाजूला उभे आहे आणि त्याने तोंड उघडले तर मरियेची अब्रू जाणार आहे. तो नीतिमान होता व तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, असे मत्तय सांगतो. नियमावर बोट ठेवणे म्हणजेच नीतिमान असणे नव्हे, हे येथे किती सहजपणे सांगून टाकले आहे! पुढे स्वप्नातील आज्ञेप्रमाणे तो तिचा स्वीकार करतो, बाळाचे नाव ठेवतो आणि हेरोदाच्या भयाने त्या दोघांना घेऊन परक्या मिसर देशात आश्रयाला जातो. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२० मध्ये योसेफाविषयी पत्र प्रसिद्ध केले, त्यात या माणसाच्या प्रेमाचे मर्म स्वामित्वाच्या हव्यासापासून मोकळे असण्यात आहे, असेच विवेचन आहे.

आदर्श असा असला, तरी चर्चचा व्यवहार नेहमी त्याला साजेसा राहिला नाही, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बोलोन्या शहरावर पोपची सत्ता असताना, १८५८ साली, मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलाला शिपायांनी घरातून उचलून नेले. तो तान्हा असताना आजारी पडला होता. तेव्हा घरातील ख्रिस्ती मोलकरणीने कोणाला न सांगता त्याचा बाप्तिस्मा केला होता. बाप्तिस्मा झालेले मूल ज्यू घरात वाढू द्यायचे नाही, असा त्या राज्याचा कायदा. बापाने अर्ज-विनंत्या केल्या, युरोपभर गहजब झाला; मूल परत मिळाले नाही. श्रद्धेने दुसऱ्याच्या लेकरावर हक्क सांगितला की काय होते, याचे याहून विदारक उदाहरण शोधावे लागणार नाही.

मिश्रविवाहाच्या नियमांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार सर्व मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्याचे वचन दोन्ही पक्षांकडून, म्हणजे अन्यधर्मीय जोडीदाराकडूनही, घेतले जाई. १९७० साली पोप पॉल सहावे यांनी ही अट बदलली. तेव्हापासून वचन देतो तो कॅथलिक जोडीदार, तेही आपल्याकडून शक्य तितका प्रयत्न करण्याचे. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. १९८३ च्या संहितेने हेच कायम ठेवले. आता ‘शक्य तितका’ म्हणजे किती? ज्या प्रयत्नाने घरच मोडेल तो त्यात बसत नाही, असा अर्थ समंजस धर्मगुरू करतात आणि तो योग्यच आहे. दुसरी एक तरतूद तर पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही ठाऊक नसते. बाळाच्या जिवाला धोका असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर योग्य हेतूने कोणीही त्याला स्नानसंस्कार देऊ शकतो. देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असेही नाही. आईबापांची इच्छा जाणून एखाद्या हिंदू परिचारिकेने बाळाच्या मस्तकावर पाणी ओतले व विहित शब्द उच्चारले, तर तो संस्कार चर्च पूर्ण मानते. ऐन अडचणीच्या घटकेला चर्चने आपले पहिले दारच परक्याच्या हाती सोपवले आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना एक लहान मुलगा होता आणि लक्ष्मीबाई धर्मांतराला मुळीच तयार नव्हत्या. ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे-ओवळे घेऊन. आणि टिळकांनी त्यांच्या स्वयंपाकपाण्याची निराळी व्यवस्था होऊ दिली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटले तेव्हा. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचा लहरी, तापट स्वभाव चांगलाच परिचयाचा असतो. बाईंनी त्यांना साधू म्हणून रंगवलेले नाही. म्हणूनच त्या उतावळ्या माणसाने या एका बाबतीत कळ काढली, याचे मोल अधिक. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

शिवेच्या महापालिका रुग्णालयाला नाव आहे ते अर्थात दुसऱ्या टिळकांचे, लोकमान्यांचे. तेथे, किंवा कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात, प्रसूतिकक्षाबाहेर थांबलेल्या पुरुषांकडे पाहावे. त्यांच्या हातात फाइल असते, औषधाची चिठ्ठी असते, आणि करण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. आयुष्यभर देणारा, ठरवणारा, सही करणारा पुरुष येथे निव्वळ घेणारा होतो. सहिष्णू माणूस स्वतःला नेहमी दाता समजतो. आपण दुसऱ्यांना ‘सामावून घेतो’, असे तो म्हणतो; त्याच्या त्या बोलण्यातला सूक्ष्म ताठा या बाकावर उतरतो. रक्ताची बाटली कोणाची, हे तो विचारीत नाही.

आणि दूध कोणाचे, हेही विचारता येत नाही. १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने या रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला आईचे दूध मिळत नसेल, तर दुसऱ्या मातांनी दिलेले दूध त्याला देता यावे, हा तिचा हेतू. अशा पेढीत मातेची तपासणी होते, अनेकींचे दूध एकत्र केले जाते, ते ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून, झपाट्याने थंड करून, गोठवून ठेवतात. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंचे नाव इतिहासाने जपले; या दूधआयांची नावे मुलाच्या बापालाही कळत नाहीत. त्यांतली कोण कोळीण, कोण पंजाबी, कोण नमाज पढणारी, हे एकदा मिसळल्यावर सांगणार कोण? एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. दुधाच्या नात्याला इस्लामी धर्मशास्त्रात विवाहनिषेधापर्यंत अर्थ आहे, त्यामुळे एखादा मुसलमान बाप असे दूध घेताना कचरला, तर त्याला अडाणी ठरवणे हीही असहिष्णुताच होय. त्याच्याशी डॉक्टरांनी सावकाश बोलावे लागते.

दुसऱ्यांच्या दुधावर तगलेल्या अशा बाळाला ऊब देण्यासाठी त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. आई थकलेली वा आजारी असेल तेव्हा हे काम बापालाही करता येते. अंगात सदरा, त्याची पुढची बटणे उघडी, आणि छातीवर मुठीएवढे डोके. किती वेळ बसायचे, असे नवखे बाप हटकून विचारतात. तासाभराहून कमी नको, आणि जमेल तितके अधिक, असे त्यांना सांगण्यात येते.