धातू आणि हात : भाग सहावा
आधी मेण जोखा

गेल्या आठवड्यात तांबटांचा ठोका ऐकला. आज ओतारी, म्हणजे वितळलेला धातू साच्यात सोडणारा कारागीर. देवघरातला रांगता बाळकृष्ण नाहीतर घोड्यावरचा खंडोबा उलटा करून पाहा. पितळेचा असेल तर बहुधा ओतलेलाच निघेल.

मूर्तिकला शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी एकच सुचवतो : ओतकामाचा धडा परदेशी पुस्तकातून सुरू करू नका. निलंगा मागे टाकून कर्नाटकाच्या हद्दीत शिरलं की पुढे बसवकल्याण आहे, कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. देगलूर तालुक्यात होट्टलची मंदिरं उभी राहिली ती याच राजवटीत. या गादीवर बसलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात आहे, आणि मेणाच्या नमुन्यावरून मूर्ती कशी ओतावी हेही आहे. राजाने स्वतः मूस धरली असेल असं मला वाटत नाही, पण ज्याने धरली त्याला नीट विचारून लिहिलंय हे नक्की.

कृती अशी. मूर्ती आधी मेणात पूर्ण करायची. पाठीवर, खांद्यावर, मानेशी किंवा मुकुटावर मेणाच्याच नळ्या बसवायच्या. मग मातीचे लेप. पहिला पातळ, सावलीत वाळवायचा, दोन दिवसांनी दुसरा, तिसरा जाड. नळ्यांची तोंडं मोकळी ठेवायची. साचा तापवला की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत धातूची अखंड धार सोडायची. मध्ये थांबलात की तिथे सांधा राहतो.

खरी गोम मातीत आहे. जळक्या तुसाची पूड, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ मातीत घालून सगळं पाट्यावर वाटायला ग्रंथ सांगतो. मराठवाड्यातल्या माणसाला यातलं निम्मं समजावून सांगावं लागत नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्यात. तीच माती तशीच साच्याला लावली तर पहिल्याच लेपाला तडा जाईल आणि धातू बाहेर येईल. कापसाचा तंतू ओली माती धरून ठेवतो. भट्टीत तो जळून गेला की मागे सूक्ष्म छिद्रं राहतात, त्यांतून कोंडलेली हवा निसटते. तुसाची पूड आकसणं कमी करते. शिकणाऱ्याने पहिले काही दिवस मूर्तीला हात न लावता नुसत्या मातीच्या वड्या थापून, वाळवून, भाजून पाहाव्यात. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

आता वजन. मेणाची मूर्ती तोलायची, आणि पितळ किंवा तांबं हवं असेल तर धातू आठपट घ्यायचा, चांदी बारापट, सोनं सोळापट. आजच्या घनतेशी ताडून बघा : मेण पाण्याहून किंचित हलकं, पितळ साडेआठपट जड, चांदी साडेदहापट. म्हणजे चांदीचा आकडा सढळ आहे, पितळेचा जरा ओढून धरलेला. मेणात राळ मिसळली की ते जड होतं, मग तोही बसतो. शुद्ध सोनं मात्र एकोणीसपटीच्याही वर जातं. सोळा हा आकडा मिसळीच्या सोन्याचा असावा, असा माझा तर्क.

धातू कोणता घ्यावा? जेवणाच्या काशाच्या ताटात कथिल पाचव्या हिश्शाच्या आसपास असतं. ते खणखणतं, पण आपटलं की फुटतं. मूर्तीसाठी दहावा हिस्सा पुरतो. तांबं-कथलाचं असं मिश्रण हजार अंशांच्या आसपास वितळतं, शुद्ध तांब्याला १०८५ लागतात. पितळेत जस्त असतं. ते ९०७ अंशांना उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी ताप चढतो, म्हणून भट्टी उघड्यावरच हवी. साच्यात ओल राहिली तर क्षणात वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. ग्रंथातली सावकाश वाळवण्याची शिस्त यासाठीही कामाची आहे.

ग्रंथ वाचून ओतकाम येतं का? कोलकात्याच्या मीरा मुखर्जी १९५०च्या दशकात म्युनिकला शिल्पकला शिकून आल्या आणि नंतर बस्तरच्या घडवा कारागिरांकडे शिकायला बसल्या. बस्तर आपल्या गडचिरोलीला लागूनच. तिथे मातीच्या गाभ्यावर मेणाची शेव गुंडाळतात, त्यामुळे मूर्ती आतून पोकळ निघते आणि धातू वाचतो. सोमेश्वराच्या कृतीत गाभ्याचा उल्लेखच नाही, मूर्ती भरीव. भरीव धातू निवताना आकसतो आणि जाड भागात खळगा पडतो. तेव्हा पहिली मूर्ती तळहातात मावेल एवढीच करा.

गाभा घातल्यावर तो आत अधांतरी कसा राहतो, मेण गेल्यावर एका बाजूला कलंडत का नाही, ते पुढच्या आठवड्यात.