ऑटोटेक्स्टची जपणूक

कर्जमंजुरीच्या पत्रातील तारणाची, विम्याची वा परतफेडीची अट दर वेळी नव्याने टंकित करणे श्रमाचे असते आणि धोक्याचेही. एखादा ‘नाही’ गळला तरी अर्थाचा अनर्थ होतो. म्हणून अनुभवी अधिकारी असे परिच्छेद मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘ऑटोटेक्स्ट’ म्हणून साठवून ठेवतात. परिच्छेद निवडून ऑल्ट व एफ ३ या कळा एकत्र दाबल्या की त्यास नाव देता येते. पुढे ते नाव टंकित करून केवळ एफ ३ दाबताच संपूर्ण मजकूर उमटतो. सूचनापत्रे लिहिणाऱ्या गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसांनाही ही सोय उपयुक्त आहे.

हा मजकूर राहतो कोठे, याची चौकशी मात्र बहुधा संगणक बदलल्यावरच होते. जुनी सर्व पत्रे नव्या संगणकावर उतरविली जातात. पण ऑटोटेक्स्ट त्या पत्रांत नसतोच. तो ‘नॉर्मल.डॉटएम’ या साच्याच्या फाइलमध्ये असतो. वर्ड २००३ पर्यंत तिचे नाव ‘नॉर्मल.डॉट’ होते. नव्या संगणकावरील वर्ड स्वतःची कोरी नॉर्मल फाइल तयार करते आणि वर्षानुवर्षे जमविलेले परिच्छेद दिसेनासे होतात.

प्रत काढण्यापूर्वी वर्ड आणि आउटलुक दोन्ही बंद करावेत. विंडोज व आर या कळा दाबून उघडणाऱ्या चौकटीत दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहावा. तेथून ‘मायक्रोसॉफ्ट’ व त्यातील ‘टेम्प्लेट्स’ या फोल्डरमध्ये गेल्यास नॉर्मल फाइल सापडते. मजकूर साठविताना ‘सेव्ह इन’च्या रकान्यात ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ निवडलेले असेल, तर तो ‘डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स’ या शेजारच्या फोल्डरमधील फाइलमध्ये असतो; तिचीही प्रत घ्यावी. शाखेत पेन ड्राइव्हला मनाई असल्यास सर्व्हरवरील आपल्या फोल्डरमध्ये प्रत ठेवावी. त्याच संगणकावर ठेवलेली प्रत संगणकाबरोबरच जाते.

पुनःस्थापनेत घाई नको. नव्या संगणकावरील नॉर्मल फाइलचे नाव आधी बदलावे, पुसू नये. मगच जुनी प्रत तेथे ठेवावी. दरम्यान नव्या संगणकावरही काही परिच्छेद साठविले असतील, तर जुन्या प्रतीस वेगळे नाव देऊन ती वर्डच्या ‘स्टार्टअप’ फोल्डरमध्ये ठेवणे अधिक श्रेयस्कर; दोन्हींतील मजकूर उपलब्ध राहतो.

बँकेच्या दृष्टीने खरी जोखीम यापुढची आहे. जुनी प्रत जुन्या अटीही परत आणते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नव्या कर्जांसाठी १ एप्रिल २०२४ पासून दंडव्याजाची जागा दंडात्मक शुल्काने घेतली असून ते व्याजदरात मिळविता येत नाही. त्यापूर्वीच्या प्रतीतील दंडव्याजाचा परिच्छेद एफ ३ दाबताच आजच्या मंजुरीपत्रात निमूटपणे येऊन बसेल, आणि परिच्छेद ओळखीचा असल्याने तो कोणी पुन्हा वाचणारही नाही. तेव्हा पुनःस्थापनेनंतर ‘इन्सर्ट’मधील ‘क्विक पार्ट्स’ येथून ‘बिल्डिंग ब्लॉक्स ऑर्गनायझर’ उघडावा, एकेक परिच्छेद प्रचलित परिपत्रकाशी ताडून पाहावा आणि कालबाह्य परिच्छेद तेथेच काढून टाकावेत.