गणित विभागाचं दशक

यंदा आमच्या कॉलेजातला एम.एस्सी. गणिताचा वर्ग बंद झाला. नोटिशीत कारण आहे 'अपुरे प्रवेश'. ते अर्धंच खरं. निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या नाहीत, तासिका तत्त्वावरच्या पोरांनी विभाग ओढला, आणि शेवटी तीही थकली.

रँग्लर परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, तो अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. पण ऐंशीच्या दशकापर्यंत गणिताची पदवी म्हणजे शाळा, बँक नाहीतर एलआयसी. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

नव्वदचं दशक मात्र भारलेलं होतं. मी नुकतीच शिकवू लागले होते. १९९३ च्या जूनमध्ये अँड्र्यू वाइल्सने फर्माच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. मग तिच्यात खोट निघाली आणि १९९४ मध्ये रिचर्ड टेलरच्या साथीने ती दुरुस्तही झाली. साडेतीनशे वर्षं अडलेला प्रश्न आमच्या हयातीत सुटला! त्याच १९९३ मध्ये गणिताचे प्राध्यापक कुमारेसन सरांनी एमटीटीएस ही विद्यार्थ्यांसाठी गणित-प्रशिक्षणाची उन्हाळी शिबिरं सुरू केली. पाठ केलेल्या सिद्धतेला तिथे थारा नव्हता. प्रत्येक पायरीला 'का?' विचारलं जाई. तिथून परतलेली मुलं वर्गात आम्हालाही तसंच अडवत, आणि मला त्याचा फार आनंद होई. पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान होतं, दारं सर्वांना उघडी.

नोकऱ्याही तेव्हाच वाढल्या. वायटूकेच्या धांदलीत सॉफ्टवेअर कंपन्या गणितवाले घेऊ लागल्या. १९९९ च्या कायद्याने विमा खासगी कंपन्यांना खुला झाला, तशी ॲक्च्युअरीच्या परीक्षांना बसणारी मुलं दिसू लागली.

आणि नेमकं तेव्हाच, 'बाजाराला हवं ते शिकवा' म्हणत काही वरिष्ठांनी रेषीय बीजगणिताचे तास कापून फॉक्सप्रो घातलं. मी विरोध केला होता, आजही करीन. फॉक्सप्रोला आता कोणी विचारत नाही. मशीन लर्निंगला लागतात त्या मॅट्रिक्स, आयगेनमूल्यं, संभाव्यता. जोखीम मोजणाऱ्या बँकांना आणि कूटलेखनालाही पक्कं गणितच लागतं. मागणी एवढी कधीच नव्हती, आणि ते शिकवणाऱ्याला मात्र मानधनासाठी महिनोन्‌महिने ताटकळावं लागतं.

आमच्याकडे टोपॉलॉजी उत्तम शिकवणारा, नेट झालेला एक मुलगा आता जेईईच्या क्लासमध्ये शिकवतो. तिथे पगार वेळेवर होतो. वर्ग बंद करण्याआधी त्याच्यासारख्यांसाठी कायम जागेची जाहिरात एकदा तरी काढायला हवी होती.