ओएंदान ते 'ओसू!': गोल टॅप करायच्या गेमची जपानी गोष्ट

चाकणमध्ये जपान म्हटलं की ब्रिजस्टोनचा कारखाना आठवतो. पण कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कोणी गाण्याच्या तालावर पटापट गोल टॅप करत असेल, तर त्याचंही मूळ जपानमध्येच आहे.

इनिस हा टोकियोतला छोटा स्टुडिओ, १९९७ साली सुरू झालेला. केइची यानो त्याच्या संस्थापकांपैकी एक. २००१ मध्ये त्यांचा 'गिटारू मॅन' प्लेस्टेशन २ वर आला. खरी धमाल झाली २००५ मध्ये, निन्टेन्डो डीएसच्या टच स्क्रीनवर: 'ओसू! ताताकाए! ओएंदान'. ओएंदान म्हणजे मॅचला काळा युनिफॉर्म घालून घसा फुटेस्तोवर ओरडणारं चीअर पथक. गेममध्ये हे पथक अडलेल्या माणसांच्या मदतीला धावतं. घरच्यांच्या गोंगाटात प्रवेश परीक्षेचा अभ्यास करणारा पोरगा, गिऱ्हाईक तुटलेला रामेनवाला, असे लोक! गोलाभोवतीचं कडं आवळत येतं, ते गोलाला टेकलं की टॅप करायचं. तुमचा ताल चुकत गेला की त्या बिचाऱ्याचंही बिघडत जातं.

हा गेम जपानबाहेर अधिकृतपणे आलाच नाही. पण डीएसच्या गेमला देशाचं लॉक नव्हतं, त्यामुळे परदेशातल्या लोकांनी तो मागवून खेळला. ते बघून २००६ मध्ये इंग्रजी गाण्यांचा 'एलिट बीट एजंट्स' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री मात्र अपेक्षेइतकी नाही. २००७ मध्ये ओएंदानचा दुसरा भाग आला आणि मालिका तिथेच थांबली.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्टने कॉम्प्युटरसाठी 'ओसू!' बनवला. कल्पना ओएंदानची, नावही तिथलंच, आणि गेम चकटफू. यातले मॅप खेळणारेच बनवतात, म्हणजे ढोल-ताशाच्या ट्रॅकचाही मॅप तुम्ही करू शकता. आता तो अँड्रॉइडवरही चालतो.

खेळताना एक लक्षात ठेवा. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पाठवला जातो, मग इअरबडमध्ये उलगडतो. यात १००-२०० मिलिसेकंद सहज जातात. अचूक टॅपसाठी मिळणारा वेळ त्याहून बराच कमी असतो. म्हणून बोटं बरोबर पडली तरी 'मिस' दिसतं आणि आपण स्वतःलाच शिव्या घालतो. वायरवाले इअरफोन लावा, नाहीतर सेटिंग्जमध्ये ऑडिओ ऑफसेट जुळवून घ्या.