जुहुरी : एक भाषा, तीन लिप्या

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, ज्यूंची भाषा म्हणजे हिब्रूच ना?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर 'नाही' असं आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींची घरची भाषा मराठीच होती की! तसेच कॉकेशसच्या पूर्व भागातले, म्हणजे दागेस्तान आणि अझरबैजानमधले डोंगरी ज्यू. त्यांची जुहुरी ही फारसीची चुलत बहीण. हिब्रूतून आणि शेजारच्या तुर्की बोलींतून तिने शब्द भरपूर घेतले, पण हाडं इराणीच.

पुरावा तिच्या नावातच आहे. फारसीत ज्यूला 'जुहूद' म्हणत. या बोलीत स्वरानंतरच्या 'द'चा 'र' होतो, म्हणून 'जुहुर'. आपल्या 'बिरादरी'तला फारसी 'बिरादर' तिथे आखडून 'बिरार' झाला. गंमत म्हणजे घशाच्या खोल भागातून येणारे जे उच्चार आज बहुतेक इस्रायली लोक हिब्रू बोलताना करत नाहीत, ते या इराणी बोलीत आहेत.

आता तिच्या हलाखीकडे येऊ. जुहुरी पूर्वी हिब्रू अक्षरांत लिहीत. सोव्हिएत राजवटीत १९२०च्या दशकाअखेर रोमन लिपी आली आणि १९३८मध्ये सिरिलिक. समजा, एखादा मुलगा १९१५ साली जन्मला. तेविसाव्या वर्षी त्याच्यापुढे तिसरी लिपी उभी! शिवाय कागदोपत्री भाषेचं नाव झालं 'तात'. त्यात 'ज्यू' कुठे उरलाच नाही. तरी हिझगिल अवशालुमोव यांच्यासारखे लेखक याच भाषेत लिहीत राहिले.

सोव्हिएत संघ मोडला आणि पुष्कळ कुटुंबं इस्रायलला, मॉस्कोला, अमेरिकेला गेली. कुबा शहरासमोर नदीपलीकडे क्रास्नाया स्लोबोदा नावाचं ज्यूंचं गाव आहे, तिथे ही भाषा अजून कानावर पडते. युनेस्कोने मात्र तिला धोक्यातल्या भाषांत धरलं आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. भाषा 'मरते' हा शब्दप्रयोग मला खटकतो. घरात कुणी मेलेलं नसतं हो. आजी जुहुरीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो, दोघांचं भागतं; म्हणून काही बिघडलंय असं कुणालाच वाटत नाही. आणि इस्रायलच्या शाळेत शिकलेल्या त्या नातवाला खापरपणजोबांची अक्षरं घडाघडा वाचता येतात. शब्दांचा अर्थ तेवढा लागत नाही.