श्रीस्थानकाचे शिलाहार

घोडबंदर रोडवरील उंच इमारतींतून येऊरचे डोंगर रोज दृष्टीस पडतात. त्याच डोंगररांगेत, पलीकडच्या अंगास, कान्हेरीची लेणी आहेत. तेथील नवव्या शतकातील शिलालेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आणि त्याचे कोकणातील मांडलिक पुल्लशक्ती व कपर्दी यांची नावे कोरलेली आहेत. हे मांडलिक म्हणजे उत्तर कोकणचे शिलाहार. सुमारे साडेचारशे वर्षे या घराण्याने हा मुलूख राखला. पुरी ही त्यांची राजधानी. परंतु श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हेही त्यांचे प्रमुख नगर होते.

गरुडापासून नागाला वाचविण्यासाठी शिळेवर स्वतःचा देह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहनाचे आपण वंशज, असे ते सांगत. स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. राष्ट्रकूटांची सत्ता मावळल्यावरही हे घराणे टिकले. मुम्मुणिराजाच्या काळचा, शके ९८२ चा लेख अंबरनाथच्या शिवालयात आहे आणि ते मंदिर पाहिले की या छोट्या राज्याच्या संपत्तीची कल्पना येते.

ही संपत्ती प्रामुख्याने बंदरांतून येत असे. व्यापारी कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावा असा लेख म्हणजे शके १०१६ (इ.स. १०९४) चा, खारेपाटण येथे मिळालेला अनंतदेवाचा ताम्रपट. भाऊबंदकीच्या कलहात कोकण उद्ध्वस्त झाले होते. त्या शत्रूंचा आपण नि:पात केला, असे राजा त्यात सांगतो. आणि हा पट कशासाठी? भाभण श्रेष्ठी व त्यांचे बंधू धणाम श्रेष्ठी यांच्या मालवाहतुकीस श्रीस्थानक, शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल) आदी बंदरांत जकात माफ करण्यासाठी. हे बंधू राजाचे मंत्रीही होते. आजचा ‘शेठ’ हा शब्द याच ‘श्रेष्ठी’वरून आला. विस्कटलेले राज्य सावरताना राजाने जकातीचे उत्पन्न सोडले, यावरून त्याला व्यापाऱ्यांचे मोल नेमके ठाऊक होते असे दिसते.

बाराव्या शतकात मल्लिकार्जुन राजाने ‘राजपितामह’ हे बिरुद मिरविले आणि ते गुजरातच्या कुमारपाल राजाला खुपले. त्याने उदयन मंत्र्यांचे पुत्र आंबड यांस कोकणावर धाडले. मेरुतुंगाचार्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’नुसार पहिल्या स्वारीत पराभूत झालेले आंबड काळी वस्त्रे लेवून परतले, दुसऱ्या स्वारीत त्यांनी मल्लिकार्जुनास ठार केले. ‘पृथ्वीराजविजय’ मात्र या वधाचे श्रेय चाहमान सोमेश्वरास देते. जैन मंत्रिपुत्राच्या हातून ठाण्याचा राजा पडला, ही कथा जैन ग्रंथकारांनीच जपली आहे; तिच्यातील युद्धाचा अभिमान आणि अहिंसेचा उपदेश यांचा मेळ घालणे सोपे नाही. याच आंबडांनी भरूचच्या शकुनिका विहाराचा, मुनिसुव्रतस्वामींच्या प्रासादाचा, जीर्णोद्धार केला. ठाण्यात टेंभी नाक्यावरील ‘कोकण शत्रुंजय’ मंदिरातही मूलनायक मुनिसुव्रतस्वामीच आहेत.

मल्लिकार्जुनानंतरही राज्य बुडाले नाही. अपरादित्य दुसरा याचे लेख ११८० नंतरचे आहेत. अखेर आली ती यादवांच्या हातून. देवगिरीच्या महादेव यादवाने इ.स. १२६५ च्या सुमारास कोकणावर चाल केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर गलबतांसह समुद्रावर निसटला, परंतु तेथेच बुडाला. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांचे युद्ध कोरलेले आहे. ते याच संग्रामाचे असावे, असे काही अभ्यासक मानतात.