मज्जातंतूंचा पहारेकरी : मॅग्नेशियम

वसईच्या मिठागरांत मीठ वेचून घेतल्यावर जे कडू पाणी उरते, त्याला तो कडवटपणा मुख्यतः मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो आणि हेच मूलद्रव्य मानवी मेंदूचेही रक्षण करते. ग्लुटामेट या उत्तेजक रासायनिक संदेशवाहकाला प्रतिसाद देणाऱ्या ‘एनएमडीए ग्राही’ या प्रथिनाच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बुचासारखा बसतो. चेतापेशी पुरेशी उत्तेजित झाली तरच तो बाजूला सरतो आणि त्यामुळे एरवी कॅल्शियमचा घातक शिरकाव टळतो.

गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याच्या ‘एक्लॅम्पसिया’ या विकारावर मॅग्नेशियम सल्फेट हे प्रमुख औषध असून, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केल्याचे आढळले. भारतीय स्त्रियांचे वजन तुलनेने कमी असल्याने, महाराष्ट्रात रुजलेल्या ‘धुळे पद्धती’त सुरुवातीच्या मात्रेनंतरचे डोस प्रचलित पद्धतीपेक्षा कमी ठेवले गेले, कारण मात्रा वाढल्यास गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया लोपते आणि श्वासही मंदावतो. दैनंदिन गरज मात्र पालेभाज्या, नाचणी, शेंगदाणे आणि वसईच्या वाड्यांना ओळख देणारी केळी यांतून भागू शकते.